एसी गरम हवा देत नाही, म्हणजे गॅस संपला?

सुरतेच्या उधना, पांडेसरा, बमरोली या पट्ट्यात हिवाळा लागला की एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘एसी गरम हवा देत नाही ना, मग गॅस संपला असणार.’ सांगणारा कधी शेजारी असतो, कधी खुद्द मेकॅनिक. मग गॅस भरला जातो, पैसे दिले जातात आणि खोली थंडच राहते. पुढच्या आठवड्यात ‘गॅस पुन्हा उडाला’ म्हणून तो परत भरतात. घरात तान्हं मूल किंवा वयस्कर माणूस आहे म्हणून ज्यांनी जास्तीचे पैसे मोजून हॉट अँड कोल्ड एसी घेतला, त्यांनाच हा भुर्दंड बसतो. म्हणून हे एकदा नीट सांगायला हवं.

एसीतला गॅस संपत नसतो. तो इंधन नाही. जळत नाही, खर्च होत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांतून तोच तो गॅस फिरत राहतो. एका कॉइलमध्ये त्याची वाफ होते तेव्हा तो उष्णता घेतो, दुसऱ्या कॉइलमध्ये त्याचा द्रव होतो तेव्हा ती सोडतो. घरातला फ्रीजही याच तत्त्वावर चालतो आणि त्यात दरवर्षी गॅस भरायला आपण कुणाला बोलावत नाही. गॅस कमी झालाच असेल तर कारणं दोनच : बसवतानाच कमी भरला, किंवा कुठेतरी गळतोय. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने ग्राहकांसाठी दिलेली माहितीही हेच सांगते, आणि गळती असताना नुसता गॅस भरणं हा उपाय नव्हे, हेही बजावते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. गरम हवेसाठी एसीत वेगळा गॅस नसतो. उन्हाळ्यात खोली थंड करणारा गॅसच हिवाळ्यात ती गरम करतो, फक्त त्याची दिशा उलटते. आउटडोअरमधला फोर-वे व्हॉल्व्ह ती दिशा बदलतो. म्हणजे दिवाळीपर्यंत जो एसी झकास थंड करत होता, तो जानेवारीत गरम करत नसेल तर पहिला संशय गॅसवर घेण्याचं कारणच काय?

तपासणी घरच्या घरी होते. सुरतेत जानेवारीतही दुपारी पारा तिशीजवळ जातो. अशा दुपारी एसी कूलवर टाकून १८ वर ठेवा आणि पंधरा मिनिटं चालू द्या. हवा चांगली गार आली तर गॅस आणि कॉम्प्रेसर बहुधा ठीक आहेत. मग थोडा वेळ थांबून हीटवर टाका. आता आउटडोअर चालू असूनही आतून गारच हवा येत असेल, तर व्हॉल्व्ह फिरलेला नाही. बहुतेक स्प्लिट एसींत व्हॉल्व्हच्या कॉइलला वीज मिळाली तरच तो गरम करण्याच्या दिशेला जातो. कॉइल जळली, वायर सुटली किंवा बोर्डाकडून वीजच आली नाही, तर एसी थंडच करत राहतो. आमच्याकडे तर हा व्हॉल्व्ह वर्षातले दहा-अकरा महिने एकाच जागी बसून असतो, त्यामुळे अडकूही शकतो. मध्येच अडकला तर कॉम्प्रेसर धावतो, पण हवा धड गार ना धड गरम. कॉइल वेगळी मिळते आणि गॅसला हात न लावता बदलता येते. अख्खा व्हॉल्व्ह बदलायचा तर मात्र गॅस काढून जोडकाम करावं लागतं.

कूलवरही हवा कोमटच आली, किंवा आतल्या कॉइलच्या एखाद्याच भागावर बर्फ धरला, तर गॅस कमी असण्याची शक्यता खरी. पण मग काम रीतसर व्हायला हवं. आधी नायट्रोजनच्या दाबाने आणि साबणाच्या पाण्याने गळती शोधायची, ती बंद करायची, व्हॅक्यूम पंप लावायचा आणि मग वजनकाट्यावर मोजून गॅस भरायचा. किती ग्रॅम, ते आउटडोअरच्या पट्टीवर छापलेलं असतं. नुसता गेज लावून ‘प्रेशर बघून’ गॅस सोडणाऱ्याला हिवाळ्यात तर थांबवाच. आर-३२ गॅसच्या एसीत थंड करताना जाड नळीवर साधारण १३० पीएसआय दिसतात. गरम करताना त्याच नळीत कॉम्प्रेसरचा उच्च दाब येतो आणि काटा तीनशेच्या वर जातो. त्या आकड्यावरून गॅस कमी की जास्त, हे उन्हाळ्याच्या हिशेबाने ठरवणं चूकच. शिवाय आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे. आत गॅस असताना नळीला टॉर्च लावणं धोक्याचं आहे.

कित्येकदा तर काहीच बिघडलेलं नसतं. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या नियमामुळे १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे एसी मुळातच २४ अंशांवर सुरू होतात, आणि आपल्याला तोच आकडा अंगवळणी पडलाय. तो नियम थंड करण्यासाठी आहे. बंद फ्लॅटमध्ये छताजवळची हवा २४ च्या वर असेल, तर इनडोअरच्या लेखी खोली आधीच गरम आहे, मग तो कॉम्प्रेसर चालवेलच कशाला? खोलीपेक्षा तीन-चार अंश वर ठेवून पाहा.

आता बाकीचे समज. रिमोटवर सूर्याचं चिन्ह आहे म्हणजे एसी गरम करतो, असं नाही. अनेक कंपन्या एकच रिमोट सगळ्या मॉडेलांना देतात. आउटडोअरच्या पट्टीवर तापवण्याची क्षमता लिहिलेली नसेल, तर तुमचा एसी फक्त थंड करणारा आहे आणि कुठलाही मेकॅनिक त्यातून गरम हवा काढू शकत नाही.

हीटवर टाकल्यावर इनडोअरचा पंखा दोन-चार मिनिटं फिरत नाही. तो बिघाड नव्हे. कॉइल तापेपर्यंत अंगावर गार झोत येऊ नये म्हणून तो थांबलेला असतो. पंधरा मिनिटांनीही फिरला नाही, तर सेन्सर तपासायला सांगा.

३० च्या जागी ३२ ठेवल्याने साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या एसीत खोली लवकर तापत नाही.

गरम एसी हीटरपेक्षा जास्त वीज खातो, हेही चूक. हीटर एका युनिटची एकाच युनिटइतकी उष्णता देतो. एसी बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतो, त्यामुळे तिपटीच्या आसपास देतो. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी ही कल्पना १८५२ मध्येच मांडली होती. बाहेर जितकी कमी थंडी तितका फायदा जास्त, आणि सुरतेची पहाट १५ अंशांच्या आसपास असते.

लूमच्या कारखान्यांजवळ राहणाऱ्यांनी आत फिल्टर धुतला, आता झालं, असं समजू नये. उडणारी तूस आउटडोअरच्या जाळीत बसते, आणि हिवाळ्यात उष्णता तिथूनच घ्यायची असते.

आउटडोअरखाली पाणी साचलं म्हणजे गळती, हाही गैरसमज. गरम करताना बाहेरची कॉइल थंड होते आणि हवेतली वाफ तिच्यावर धरते. पाणी दिसलं तर काही करू नका. पण कॉइलवर बर्फाचा थर दिसला, तर सुरतेच्या हवेत ते सहसा नैसर्गिक नसतं : एसी बंद करा, आधी जाळी साफ करून घ्या, आणि तरीही बर्फ धरला तर गॅसचं वजन करायला सांगा.