‘उठाठेव’ : अर्थ आणि प्रयोग

निष्फळ श्रमांसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. ‘खटाटोप’, ‘उपद्व्याप’, ‘पिष्टपेषण’, ‘उठाठेव’ हे शब्द पुष्कळदा एकमेकांच्या जागी योजिले जातात आणि ‘व्यर्थ श्रम’ एवढ्या अर्थावर त्यांची बोळवण होते. ‘उठाठेव’ या शब्दापुरते तरी हे समीकरण टिकत नाही.

शब्दाची घडण उघड आहे. ‘उठणे’ आणि ‘ठेवणे’ ही दोन क्रियापदे त्यात दिसतात. वस्तू उचलावी आणि पुन्हा ठेवावी, या चित्रातून व्यर्थतेचा अर्थ निघावा हे स्वाभाविकच होय. परंतु प्रयोग निराळेच सांगतात. पावसाने दगा दिल्यामुळे ज्याची पेरणी वाया गेली, त्या शेतकऱ्याने उठाठेव केली असे कोणी म्हणत नाही. त्याची मेहनत मातीत गेली असे म्हणतात. उलट, शेजाऱ्याच्या मुलीचे लग्न एखाद्याने खटपट करून जमविले व ते उत्तम पार पडले, तरी रुसलेले आप्त ‘याला कोणी सांगितली होती नसती उठाठेव?’ असेच विचारतात. येथे श्रम सफळ झाले आहेत. आक्षेप आहे तो अधिकाराविषयी.

संस्कृतातून मराठीत रुळलेला ‘अव्यापारेषु व्यापार’ हा वाक्प्रचार या शब्दाच्या सर्वांत जवळचा म्हणावा लागेल. पंचतंत्रातील ज्या कथेशी तो निगडित आहे, तीतील वानराने अर्धवट चिरलेल्या ओंडक्यातील पाचर उपटली, आणि ती निघालीही! वानराचा प्राण गेला तो प्रयत्न फसल्यामुळे नव्हे. ‘नसती’ हे विशेषण या शब्दाला इतके चिकटले आहे, तेही याच कारणाने. जिला असण्याचेच प्रयोजन नाही, ती नसती.

स्वतःच्या कार्याविषयी हा शब्द वापरल्यास तो विनय ठरतो. ग्रंथकाराने प्रस्तावनेत आपल्या संकलनाला ‘उठाठेव’ म्हटले, तर ते कोणी खरे मानीत नाही. दुसऱ्याविषयी वापरल्यास मात्र तो निवाडा होतो, आणि निवाडा देणारा बहुधा त्या प्रकरणात गुंतलेला असतो. ग्रामसभेत खर्चाचा हिशेब मागणे हा मतदाराचा हक्क होय. त्याला ‘तुला कशाला ही उठाठेव?’ असे ऐकविले जाते, तेव्हा त्याचे श्रम फुकट जातील अशी काळजी बोलणाऱ्यास नसते. ते फुकट जाणार नाहीत, हीच भीती असते. अशा वाक्यासमोर ‘व्यर्थ श्रम’ हा कोशगत अर्थ निरुपयोगी ठरतो. ‘बोलणाऱ्याच्या मते अधिकार नसता केलेली खटपट’ असा अर्थ आधी नोंदवून व्यर्थतेची छटा त्यामागून देणे अधिक युक्त होईल.