हुद्दा आणि हृदय

लंडनच्या व्हाइटहॉल भागातील सरकारी कचेऱ्यांत नोकरी करणाऱ्या सुमारे १८,००० पुरुषांच्या प्रकृतीचा अभ्यास १९६७ साली सुरू झाला, तेव्हा हृदयविकार हा जबाबदारीच्या ओझ्याने थकलेल्या वरिष्ठ अंमलदारांचा रोग होय, असाच सार्वत्रिक समज होता. प्रत्यक्षात शिपाई व निरोप्ये यांच्यात त्या विकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट निघाले. इतकेच नव्हे, तर ज्यांना अन्नवस्त्राची ददात नव्हती त्या मधल्या हुद्द्यावरच्या मंडळींचीही प्रकृती वरच्या पायरीवरील मंडळींपेक्षा खालावलेली आढळली. धूम्रपान, रक्तदाब वगैरे जमेस धरूनही बरीच तफावत उरलीच.

१९८५ पासून मायकेल मार्मट यांनी १०,३०८ स्त्रीपुरुष कर्मचाऱ्यांचा दुसरा अभ्यास चालविला. त्यात पुढे दहा पायऱ्यांची शिडी दाखवून ‘समाजात आपण कुठे आहात?’ असे विचारले, तेव्हा ज्याने त्याने स्वतः दाखविलेल्या पायरीवरून त्याच्या आरोग्याचा अंदाज दफ्तरी नोंदलेल्या हुद्द्याहूनही अधिक नेमका बांधता आला. मला अधिक अस्वस्थ करतो तो याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष: कोणते काम आधी घ्यावे, कसे करावे, विसावा केव्हा घ्यावा, हे ठरविण्याची मुखत्यारी ज्यांना नव्हती, त्यांना हृदयविकार अधिक प्रमाणात जडला.