बकऱ्यांचे जंत आणि औषधाचा हिशेब

रावेरचे नाव निघाले की सर्वांना केळी आठवते. पण या तालुक्यात बकऱ्यांवरही अनेक घरांची चूल पेटते. कोणी दारात दोन-चार बकऱ्या बांधतो, कोणी लहान बोकड घेऊन ईदपर्यंत तयार करतो, कोणी मटणाचे दुकान चालवतो, तर कोणी चामड्याचा व्यापार करतो. या सर्वांचे नुकसान करणारा एक दुष्मन बकऱ्याच्या पोटात राहतो. तो म्हणजे जंत. त्यावर औषधे आहेत आणि ती चांगली आहेत. मात्र औषध देताना दोन हिशेब पाळावे लागतात: एक वजनाचा आणि दुसरा दिवसांचा. हे दोन हिशेब चुकले तर जंतापेक्षा औषधच महाग पडते, असे आमचे मत आहे.

जंत काय करतो?

बकऱ्यांत सर्वांत घातक जंत म्हणजे हिमोंकस. खाटीक बांधवांनी बकऱ्याचे चौथे पोट उघडून नीट पाहिले, तर दोन-तीन सेंटीमीटर लांबीचे, लाल-पांढऱ्या पिळाचे धाग्यासारखे जंत कधी कधी दिसतात. एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिली रक्त पितो. हे थेंबभरच वाटते. पण पोटात हजार जंत असले तर रोज ५० मिली रक्त जाते आणि २५ किलोच्या बकऱ्याच्या अंगात रक्त असते जेमतेम पावणेदोन लिटर. मग डोळ्याच्या पापणीची आतली बाजू पांढरी पडते, जबड्याखाली पाणी उतरते, वजन घटते आणि एक दिवस जनावर बसते ते उठतच नाही.

जंताची मादी दिवसाला हजारो अंडी घालते. ती लेंडीतून बाहेर पडतात. पावसाळ्यातल्या ओल्या उबेत आठवडाभरात त्यातून अळ्या तयार होऊन गवतावर चढतात. म्हणून पावसाळ्यात व त्यानंतर त्रास वाढतो. सकाळचे दव वाळल्यावर जनावर सोडावे आणि झाडपाला उंच बांधून द्यावा. यात खर्च काहीच नाही.

औषध कसे काम करते?

सर्व औषधे एकसारखी नाहीत. अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल जंताच्या पेशींचा सांगाडा मोडतात. त्यामुळे जंताला अन्न शोषता येत नाही आणि तो उपाशी मरतो. लेव्हामिसोल जंताचे स्नायू आखडून टाकते. आयवरमेक्टिन जंताच्या नसा सुन्न करून त्याला लुळा करते. ते गोचीड, खरूज आणि उवांवरही उपयोगी पडते, पण पट्टकृमी आणि यकृतातील पर्णकृमी त्याने मरत नाहीत. पट्टकृमीसाठी प्राझिक्वांटेल, तर पर्णकृमीसाठी ऑक्सिक्लोझानाइडसारखे औषध लागते. म्हणून शक्य असेल तेथे आधी लेंडी तपासून घ्यावी.

आयवरमेक्टिनचे मूळ जपानमधील मातीत सापडलेल्या एका जिवाणूत आहे. या शोधाबद्दल सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल पुरस्कार मिळाला.

वजनाचा हिशेब

केळीचा घड कोणी अंदाजाने विकत नाही, काटा लागतोच. मग औषध अंदाजाने का पाजावे? आयवरमेक्टिनच्या १ टक्का इंजेक्शनचे नेहमीचे प्रमाण ५० किलो वजनाला १ मिली आहे, म्हणजे २५ किलोच्या बकऱ्याला फक्त अर्धा मिली. पातळ औषधांतही फरक असतो. अल्बेंडाझोल २.५ टक्क्यांचेही मिळते आणि १० टक्क्यांचेही. दोन्ही एकाच झाकणाने मोजून पाजले तर डोस चौपट होतो किंवा पाव राहतो.

डोस कमी पडला तर दुबळे जंत मरतात आणि चिवट जंत उरतात. पुढच्या पिढ्या त्यांच्याच होतात आणि औषध निकामी ठरते. भारतासह अनेक देशांत असे चिवट जंत आढळले आहेत. दक्षिण आफ्रिकेत पशुवैद्यांनी १९९० च्या दशकात फामाचा नावाचा रंगतक्ता तयार केला. पापणीचा रंग तक्त्याशी जुळवून ज्या जनावराची पापणी फिकी असेल त्यालाच औषध देतात. त्यामुळे औषधाचा पैसा वाचतो आणि जंत चिवट होण्याचा वेगही मंदावतो.

डोस जास्त झाला तरी धोका आहेच. क्लोझँटेल हे हिमोंकस आणि पर्णकृमीवरचे प्रभावी औषध आहे. पण काही पट जास्त गेले तर ते डोळ्याची नस खराब करते, जनावर आंधळे होते आणि ती दृष्टी बहुधा परत येत नाही. आंधळे जनावर कुर्बानीला चालत नाही, हे वाचकांना सांगायला नको. म्हणजे वर्षभराची मेहनत दोन मिलीच्या घाईने वाया जाऊ शकते. तसेच गाभण बकरीला पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल देऊ नये. पाजताना तोंड फार वर उचलू नये, नाहीतर औषध फुप्फुसात जाते.

दिवसांचा हिशेब

औषध दिल्यावर ते काही दिवस मांसात आणि दुधात राहते. तेवढे दिवस जनावर कापू नये आणि दूध विकू नये. ही मुदत प्रत्येक औषधाची वेगळी असते आणि ती लेबलवर छापलेली असते. आयवरमेक्टिन इंजेक्शनसाठी अमेरिकेत गुरांच्या मांसाला ३५ दिवसांची अट आहे. म्हणून ईदच्या तारखेपासून उलटे मोजावे. शेवटचे औषध किमान दीड महिना आधी द्यावे आणि लेबलवरची मुदत त्याहून जास्त असेल तर ती पाळावी. विक्रीच्या आठवड्यात जनावर तजेलदार दिसावे म्हणून सुई टोचणे हा गिऱ्हाइकाशी केलेला दगा आहे.

प्रत्येक पाळणाऱ्याने एक वही ठेवावी. त्यात तारीख, वजन, औषधाचे नाव, टक्केवारी आणि डोस लिहावा. विकत घेणाऱ्यानेही शेवटचे औषध कधी आणि कोणते दिले, हे विचारावे. जनावरांचे औषध माणसाने घेऊ नये, हेही येथे सांगून ठेवतो. शंका असेल तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करावा. ज्याची वही स्वच्छ आहे त्याच्या दारी गिऱ्हाईक पुन्हा येते, आणि कारोबारात बरकत येते ती अशीच.