समूहभोजनासाठी अल्पखर्चाची खिचडी

वसतिगृहे, शिबिरे व अन्नछत्रे यांमध्ये खर्च आटोक्यात ठेवावयाचा झाला की पुष्कळदा प्रथम डाळ कमी केली जाते. ही काटकसर खरी नव्हे. तांदळाच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल अपुरे असते; ती उणीव डाळीने भरून निघते. म्हणून १०० जणांच्या रात्रीच्या भोजनास ८ किलो तांदूळ घेतल्यास मुगाची डाळ ४ किलोंहून कमी नसावी. बडोद्याकडील प्रथेप्रमाणे सोबत ताकाची कढी केल्यास उत्तमच.

बचत इंधनात करावी. डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवून आधणात वैरावेत व वर घट्ट झाकण ठेवावे. घरगुती प्रमाणातील पाणी जसेच्या तसे पटीने वाढविणे ही मात्र नेहमीची चूक होय. मोठ्या पातेल्यात अन्नाच्या मानाने पृष्ठभाग लहान असल्याने वाफ कमी जाते. १२ किलो डाळ-तांदळास आरंभी ३२ लिटर पाणी घेऊन ४-५ लिटर आधण शेजारी तयार ठेवावे. जुने आचारी हे अंदाजाने साधतात. नवख्याने मापच धरावे.

खरा धोका उरलेल्या अन्नाचा. खोल पातेल्यातील खिचडी मध्यभागी कित्येक तास कोमट राहते. काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. कोमट अन्नात ते वाढतात आणि त्यांतील काहींचे विष पुन्हा उकळल्यानेही नाहीसे होत नाही. वास चांगला असला तरी असे अन्न सकाळी वाढू नये. पंगती लांबणार असल्यास निम्मा शिधा मागे ठेवून दुसरे पातेले उशिरा चढवावे.