आरोळीने बर्फ कोसळत नाही

बर्फाच्या डोंगरात मोठ्याने बोलू नका, आवाजाने बर्फ कोसळतो, अशी ताकीद हिमालयात जाणाऱ्या बहुतेक ट्रेकर्सना कोणी ना कोणी दिलेली असते. ती फुकट आहे. माणसाच्या आवाजाचा दाब बर्फाचा थर मोडायला लागणाऱ्या दाबापुढे नगण्य असतो. स्कीइंगच्या ठिकाणी धोक्याच्या उतारांवरचा बर्फ मुद्दाम पाडायचा झाला तर स्फोटकं लावावी लागतात. थर मोडतो तो वजनाने. हिमस्खलनात सापडलेल्या ट्रेकर-स्कीअरच्या बाबतीत साधारण दहापैकी नऊ वेळा ते वजन त्यांचं स्वतःचं किंवा त्यांच्याच गटातल्या कुणाचं असतं.

‘यंदा बर्फ कमी आहे, म्हणजे धोकाही कमी’ हा समज जास्त फसवा. हिवाळ्यातला बर्फ एकजीव नसतो, प्रत्येक हिमवर्षावाचा थर निराळा. जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास असतं, पृष्ठभागावर मात्र रात्री उणे पंधरा-वीस. थर पातळ असेल तर एवढा फरक थोड्याशा जाडीत मावतो, खालची वाफ वर सरकते आणि तळाशी मोठे, टोकदार, एकमेकांना न चिकटणारे स्फटिक तयार होतात. हातात घेतले तर जाड साखरेसारखे ओघळतात. पुढे त्यांच्यावर नवा बर्फ पडतो, वारा तो दाबून घट्ट लादी करतो. लादीवर पाय रुतत नाही, त्यामुळे चालणाऱ्याला ती भक्कम वाटते. पण पायाखाली कुठेतरी तो ठिसूळ थर बसला की तडा क्षणात उतारभर पसरतो. कधी कधी आधी ‘धप्प’ असा दबका आवाज येतो. ऐकू यायला हवा तो हा आवाज. तो आला तर तीव्र उतारावर पाऊल टाकायचं नाही.

पुढचे दहा जण सुखरूप गेले, म्हणून अकरावाही जाईल असं नाही. लादी सगळीकडे सारख्या जाडीची नसते. पातळ जागी पडलेला एकच पाय पुरतो. उताराच्या तीव्रतेचंही तसंच. सह्याद्रीत वाढलेली नजर कड्याला घाबरते, पण बहुतेक लाद्या सुटतात त्या 30 ते 45 अंशांच्या उतारावरून. उभ्या कड्यावर बर्फ फारसा साठतच नाही. आणि तुमची वाट सपाट असली तरी वर असा उतार असेल, तर तुम्ही त्याच्या मार्गात आहात. आभाळ निवळलं म्हणूनही निर्धास्त होऊ नये. हिमवर्षावानंतरचे पहिले एक-दोन दिवस वाईटच, शिवाय वारा बर्फ न पडताही वाऱ्याआडच्या उतारावर ढीग रचतो.

अनुभवी माणसांना हे कळतं, असंही म्हणता येत नाही. 4 ऑक्टोबर 2022 रोजी, ऐन हिवाळा दूर असताना, उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी द्रौपदी का डांडा-2 वर हिमस्खलनात सापडली. मृतांमध्ये प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्यांनी सोळा दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू सर केले होते.

गाडलं गेल्यावर काय, याबद्दल एका घटनेने फार आशा लावली. फेब्रुवारी 2016 मध्ये सियाचिनच्या चौकीवरचे लान्स नायक हणमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले. ते 11 फेब्रुवारीला गेले. सोबतच्या नऊ जवानांपैकी कोणीच वाचलं नाही, त्यात एक आपल्या साताऱ्याचा होता. एरवी हिशेब मिनिटांचा असतो. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेली बहुतेक माणसं वाचतात, अर्ध्या तासानंतर तिघांतला जेमतेम एक. थांबलेला बर्फ इतका घट्ट बसतो की आतल्याला बोटही हलवता येत नाही, मग स्वतः खणून बाहेर येणं दूरच. हेलिकॉप्टर तेवढ्या वेळात येत नाही. वाचवू शकतात ते शेजारी उभे असलेले सोबती, तेही प्रत्येकाकडे बीकन (गाडलेल्याची जागा शोधायचं यंत्र), शोधसळई आणि फावडं असेल, आणि ती वापरण्याचा सराव असेल तरच. हिवाळी ट्रेकचे पैसे भरताना जेवणात काय मिळणार हे आपण विचारतोच. या तीन वस्तू मिळणार का, हेही तेव्हाच विचारावं.