खोगीर तट्टूच्या मापाचं, रिकीब लेकराच्या मापाची

आज आम्ही गटातल्या चौघी मिळून बोलणार आहोत. विषय आहे घोड्याच्या सामानाचा. खोगीर, तंग, रिकीब, मोहरकी. तुम्ही म्हणाल, हे तर गड्यांचं काम. पण तट्टूला सकाळी चारा-पाणी कोण करतं? घामानं भिजलेली गादी उन्हात कोण टाकतं? उसवलेला पट्टा दाभणानं कोण शिवतं? मग ते सामान तट्टूच्या पाठीवर नीट बसलंय की नाही, हे बघायलाही आपल्याला यायला हवं.

आणि हे काही आपल्याला नवं नाही. मेंढरं घेऊन रानोमाळ फिरणाऱ्या धनगर बायांकडे बघा. बिऱ्हाड हलवताना तट्टूवर बोजा बांधायचं काम त्याच करतात. भांडी, घोंगड्या, कोंबड्या, कोकरं, आणि वर कधी स्वतःचं लहान लेकरूसुद्धा. दोन्ही अंगांना वजन सारखं नसेल तर दहा पावलांत बोजा फिरतो, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. त्यांची ती बुटकी, काटक तट्टं म्हणजे आपली भीमथडी. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं आता तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे.

आमच्या भागातली बरीच घरं सुट्टीच्या हंगामात तट्टू घेऊन डोंगरावर जातात. कुणी पाचगणीला, कुणी महाबळेश्वरला, कुणी माथेरानला. माथेरानला तर मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात. बसायला येतात त्यात लहान मुलं पुष्कळ. आपला माणूस दोर धरून पुढं चालतो आणि लेकरू वर बसतं. गावच्या जत्रेतही हेच.

मागच्या मे महिन्यात आमच्यातल्या एका ताईंच्या तट्टूवर सहा वर्षांची एक मुलगी बसली. रिकिबी मोठ्या माणसाच्या मापाच्या. तिचे पाय पोचेनात. म्हणून ताईंच्या मुलानं तिचे पाय रिकिबीच्या वर, पट्ट्याच्या दोन पदरांमधे अडकवले. सगळे तसंच करतात, म्हणून त्यानंही केलं. उतारावर तंग सैल पडला, खोगीर एका अंगाला फिरलं आणि पोर खाली लटकली. पाय काही निघेना. तट्टू म्हातारं आणि गरीब स्वभावाचं, जागेवर उभं राहिलं. म्हणून पोटरी सोलवटली, घोटा सुजला, एवढ्यावर निभावलं. तट्टू उधळलं असतं तर ती तशीच फरफटत गेली असती. ताई त्या रात्री जेवल्या नाहीत. मुलाला म्हणाल्या, "तुला एकट्याला बोल कशाला लावू? बघायला तर मीपण शिकले नव्हते."

त्यानंतर आम्ही सगळ्या बसलो, सामान अंगणात मांडलं आणि एकेक गोष्ट समजून घेतली. तेच आज तुम्हाला सांगतो. सगळ्याचं सार एकच. लेकरू घोड्याला कधी बांधायचं नाही, अडकवायचं नाही. खोगीर तट्टूवर पक्कं बसवायचं, आणि लेकरू मात्र पडलंच तर मोकळं सुटलं पाहिजे.

आधी तट्टूची पाठ

खोगीर टाकण्याआधी पाठीवरून तळहात फिरवा. मानेच्या मुळाशी, आयाळ संपते तिथं एक उंचवटा असतो. तिथून मागे कंबरेपर्यंत हात न्या. कुठं सूज, गरमपणा, खपली लागते का? दाबल्यावर तट्टू पाठ खाली घेतं का? गडद अंगावर खोगिराच्या जागी पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले तर समजा, तिथं पूर्वी खोगीर टोचलेलं आहे. पाठ दुखणारं तट्टू कितीही गरीब असलं तरी कधीतरी उसळी मारणारच. जखम असेल तर त्या दिवशी खोगीर नाही. भाडं बुडालं तरी चालेल.

आता खोगीर नुसत्या पाठीवर ठेवून बघा, खाली गादी न घालता. थोडं पुढं ठेवा आणि मागे सरकवा, म्हणजे केस उलटे होत नाहीत. पुढच्या खांद्याचं हाड मोकळं हलायला हवं. मागची कड शेवटच्या बरगडीच्या पलीकडे जाता कामा नये. खोगिराची पुढची कमान आणि तो उंचवटा यांच्यामध्ये दोन ते तीन बोटं उभी मावली पाहिजेत. लेकरू वर बसल्यावरही दोन बोटं जागा राहिली पाहिजे. मागून वाकून पाहिलं तर मणक्यावरून आरपार उजेड दिसला पाहिजे. म्हणजे वजन मणक्यावर न येता दोन्ही बाजूंच्या मांसावर येतं.

ही नुसती आमची सांगी नाही. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी केंद्र सरकारचे १९६५ सालचे नियम आहेत. खोगिराची कमान आणि तो उंचवटा यांत पुरेशी जागा हवी, हे त्यात लिहिलेलं आहे. काटेरी लगामालाही त्यात बंदी आहे. आणि तट्टूवर लादायच्या ओझ्याची मर्यादा ७० किलो सांगितली आहे. लेकरू एकटं असेल तर वजनाचा प्रश्न येत नाही. पण "पोर घाबरतंय, मी पण मागे बसतो" असं म्हणून बाप वर चढला की हिशोब बिघडतो. दोघं बसवायची नाहीत. बापाला सांगायचं, "दादा, तुम्ही बाजूनं चाला, पोराचा गुडघा धरा."

गादी

खोगिराखालची गादी लोकरीची किंवा जाड सुती असावी. जुन्या घोंगडीचा चांगला तुकडा उत्तम. लोकर घाम पिते आणि सरकत नाही. रेक्झिन आणि नायलॉन दिसायला झकपक, पण खाली घाम साचतो आणि कातडी सोलते. गादी घातल्यावर ती कमानीत वर ओढून घ्या, उंचवट्यावर ताणून बसू देऊ नका. घडी, गाठ, काडीकचरा काही राहता कामा नये.

एक चूक फार होते. खोगीर अरुंद असलं की लोक खाली आणखी गादी भरतात. घट्ट बुटात जाड मोजा घातला तर पाय सुटतो का? उलट जास्त आवळतो. तसंच हे. खोगीरभरती इथं उपयोगाची नाही, खोगीरच त्या पाठीच्या मापाचं हवं. म्हणून सारंगखेड्याच्या किंवा माळेगावच्या यात्रेत सामान घ्यायला जाल तेव्हा तट्टूच्या पाठीचं माप घेऊन जा. जाड तार घ्या, उंचवट्याच्या थोडं मागे पाठीवर आडवी दाबून वाकवा, आणि तो आकार कागदावर काढून घ्या. दुकानात तो कागद खोगिराच्या कमानीखाली धरून बघता येतो.

तंग

पोटाखालून जातो तो पट्टा म्हणजे तंग. पुढच्या पायाच्या कोपरामागे चार बोटं सोडून तो यावा. अगदी कोपराला लागला तर कातडी कापतो.

तंग एका दमात आवळू नका. तट्टू हुशार असतं, पोट फुगवून उभं राहतं. आधी हलका लावा. मग दहा-वीस पावलं चालवा आणि पुन्हा आवळा. पुढचे पाय एकेक करून पुढं ओढा, म्हणजे तंगाखाली चिमटलेली कातडी सुटते. लेकरू बसवायच्या आधी तिसऱ्यांदा बघा. तंग आणि अंग यांच्यामध्ये दोन बोटं सपाट जावीत, पण दाबूनच जावीत. सहज गेली तर सैल आहे. आणि दर फेरीला, उतार लागायच्या आधी, पुन्हा हात घाला. त्या दिवशी आमच्याकडून हेच राहिलं होतं.

गोल पोटाच्या तट्टूवर खोगीर उतारावर मानेकडे घसरतं. त्यासाठी शेपटीखालून जाणारा पट्टा असतो, त्याला दुमची म्हणतात. ती मऊ आणि स्वच्छ हवी, खाली हाताचा तळवा मावेल इतकी ढिली हवी. पण दुमची लावली म्हणून तंग सैल ठेवायचा नाही.

रिकीब आणि पाय

हा भाग नीट ऐका. लेकराचा पाय रिकिबीच्या वरच्या पट्ट्यात कधीही अडकवू नका. रिकिबीतून पाय निसटू शकतो, पट्ट्याच्या पदरातून निसटत नाही.

मग पाय पोचत नसतील तर? चामड्याचं काम करणाऱ्या दादांकडून मुलांसाठी आखूड पट्ट्यांची वेगळी जोडी करून घ्या. भोकं सारख्या अंतरावर आणि दोन्ही पट्ट्यांना सारखी पाडून घ्या. पट्ट्याला गाठी मारून आखूड करू नका. अंदाजासाठी लेकराचा हात लांब करा. बोटांची टोकं पट्ट्याच्या वरच्या बकलाला लावली की रिकिबीचा तळ काखेपर्यंत यावा. बसल्यावर पाय सैल सोडले की रिकिबीचा तळ घोट्याच्या हाडाशी यावा.

रिकिबीची रुंदीही बघा. बूट घातल्यावर दोन्ही बाजूंना करंगळीएवढी जागा हवी. अरुंद असली तर पाय रुततो, फार मोठी असली तर आख्खा पाय आरपार जातो. रिकिबीत फक्त पुढचा चवडा ठेवायचा. चप्पल, सँडल नको. थोडी टाच असलेला, गुळगुळीत तळव्याचा बूट चांगला. मुलांसाठी एका बाजूला जाड रबर असलेल्या रिकिबी मिळतात. मूल पडलं की रबर सुटतं आणि पाय मोकळा होतो. आखूड पट्टे नसतील त्या दिवशी पाय सरळ लोंबते सोडा आणि रिकिबी वर बांधून टाका. तेव्हा बाजूनं एक माणूस चाललाच पाहिजे.

हात, दोर आणि डोकं

लेकराला धरायला काहीतरी हवंच. खोगिराच्या पुढच्या दोन कड्यांमध्ये चामड्याची मूठ बसवून घ्या. पोरांनी ती धरावी, मनगटाला गुंडाळू नये. कमरेला ओढणी बांधून खोगिराला आवळायची नाही. मुलीची स्वतःची ओढणी आणि सुटे केसही आधी आवरून घ्या.

चालवायचा दोर कुठं बांधायचा? लगामाच्या तोंडातल्या लोखंडी कडीला नाही, मोहरकीला. एका बाजूनं कडीला हिसका बसला की तोंड सोलतं, आणि तट्टू मान वर टाकतं. इंग्लंड-अमेरिकेत घोड्यांच्या प्रदर्शनात अगदी लहान मुलांचा वेगळा वर्ग असतो. मूल वर बसतं आणि मोठं माणूस दोर धरून चालतं, आपल्याकडच्यासारखंच. इंग्लंडच्या त्या वर्गात तट्टू १२२ सेंटिमीटरपेक्षा उंच चालत नाही, आणि दोर नाकपट्टीलाच बांधायचा असा नियम आहे. तिथं परीक्षक सामान नीट बसलंय का ते बघतात. आपल्याकडे परीक्षक नाही, म्हणून आपणच बघायचं.

दोर हाताला गुंडाळू नका, घड्या करून धरा. तट्टूच्या खांद्याजवळ चाला, फार पुढं नाही.

डोक्याला घोडेस्वारीचं हेल्मेट हवं. भुवईच्या वर दोन बोटं, हनुवटीखालचा पट्टा लावलेला, मान हलवली तरी न फिरणारं. आमच्या गटानं बचतीतून दोन मापांची हेल्मेटं घेतली. आधी गिऱ्हाईक हसलं. आता आयाच विचारतात, "टोपी आहे ना तुमच्याकडे?"

संध्याकाळी

खोगीर उतरवलं की गादी उलटी करून बघा. दोन्ही बाजूंना घाम सारखा आला पाहिजे. घामाच्या मध्येच कोरडा ठिपका दिसला तर तिथं दाब पडतोय. तंग धुऊन वाळवा. प्रत्येक पट्टा दोन्ही हातांनी ओढून बघा. बकलाच्या वळणावर तडा दिसला तर तो पट्टा शिवू नका, बदला.

लक्षात ठेवायला सोपं जावं म्हणून बोटांवर सांगतो. कमानीखाली दोन बोटं. कोपरामागे चार बोटं. तंगात दोन बोटं. रिकिबीत दोन्ही बाजूंना करंगळी. भुवईवर दोन बोटं. माप घ्यायला दुसरं काही लागत नाही, आपला हात पुरे.

आमच्या ताईंचा मुलगा आता आखूड पट्टे खिशात घेऊनच डोंगरावर जातो. परवा शेजारच्या एका भाऊंनी लहान पोराचे पाय पट्ट्यात घातले, तर यानं जाऊन काढले आणि स्वतःची जोडी लावून दिली. भाऊ म्हणाले, "आजवर काही झालं नाही." तो म्हणाला, "काका, आमच्याकडेही झालं नव्हतं."

आज घरी गेल्यावर तट्टूच्या पाठीवरून एकदा हात फिरवा, आणि रिकिबीचे पट्टे बाहेर काढून मोजा. रामराम.