घरोघरीं मुलाखत : अल्प खर्चांत थेट प्रक्षेपण

मुंबईस दूरचित्रवाणीचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. त्या काळीं एखाद्या व्यक्तीची मुलाखत पडद्यावर दाखवावयाची म्हणजे स्टुडिओ, मोठाले कॅमेरे, उंच मनोरा आणि कुशल यंत्रज्ञ असा सारा सरंजाम लागत असे. आज तेंच कार्य एक लॅपटॉप व घरचें इंटरनेट यांच्या साहाय्यानें करतां येतें. परंतु हें कळतांच पुष्कळ मंडळी प्रथम बाजाराकडे धांव घेतात, व महागडा कॅमेरा आणि दिव्यांचे संच घेऊन येतात. विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं पैसा खर्च करण्यापूर्वीं हें काम कसें चालतें तें समजून घ्यावें, एवढ्याचसाठीं हा लेखप्रपंच.

या कामाच्या सांखळीस तीन दुवे आहेत. मुलाखत घेणारा व देणारा यांचें व्हिडिओ कॉलवरील संभाषण हा पहिला. तें संभाषण इतरांकडे पाठविणें हा दुसरा. आणि प्रेक्षकाच्या घरच्या टीव्हीवर तें उतरवून घेणें हा तिसरा. यांपैकीं कोणता दुवा आपणाजवळ आहे व कोणता नाहीं, हें ओळखलें म्हणजे व्यर्थ खर्च टळतो.

समजा, आपल्या गांवच्या रुग्णालयांत आयुष्य वेंचलेल्या एक वृद्ध परिचारिका आतां परगांवीं मुलाकडे राहतात, व नववीच्या मुलांना त्यांची मुलाखत घ्यावयाची आहे. संभाषणासाठीं झूमचें निःशुल्क खातें घेतल्यास एका बैठकीस ४० मिनिटांची मर्यादा असते. जित्सी मीट हेंहि निःशुल्क साधन आहे. प्रश्न आधीं लिहून काढून त्यांचा क्रम लाविला असेल, तर ४० मिनिटें पुरेशीं होतात.

आतां ही मुलाखत पाहणार कोण? सर्व प्रेक्षक शाळेच्या एकाच दालनांत बसणार असतील, तर दुसऱ्या दुव्याची गरजच नाहीं. लॅपटॉप व टीव्ही एचडीएमआय केबलनें जोडावे, कीं टीव्ही हाच संभाषणाचा मोठा पडदा होतो. याहून स्वस्त उपाय नाहीं. मात्र लॅपटॉपऐवजीं मोबाइल जोडावयाचा असल्यास आधीं खात्री करून घ्यावी. कारण सर्वच मोबाइल केबलवाटे चित्र देत नाहींत.

प्रेक्षक निरनिराळ्या घरीं असतील, तर मात्र प्रक्षेपण हवें. त्यासाठीं यूट्यूब विनामूल्य आहे. झूममधून थेट यूट्यूबकडे चित्र पाठविण्यास झूमचें सशुल्क खातें लागतें. तो खर्च ओबीएस स्टुडिओ या विनामूल्य प्रणालीमुळें वांचतो. सन २०१२ पासून उपलब्ध असलेली ही प्रणाली लॅपटॉपवर उघडलेली संभाषणाची खिडकी आवाजासह उचलते, आणि यूट्यूबनें दिलेल्या सांकेतिक किल्लीच्या आधारें ती पुढें पाठविते. ही किल्ली घराच्या किल्लीप्रमाणेंच जपावी. ती ज्याच्या हातीं लागेल, तो आपल्या नांवानें वाटेल तें प्रक्षेपित करूं शकेल.

येथें दोन नियम ध्यानांत ठेवावे. नव्या खात्यावर थेट प्रक्षेपणाची मुभा मिळण्यास २४ तासांपर्यंत वेळ लागूं शकतो; म्हणून ऐन दिवशीं खातें उघडूं नये. तसेंच जुलै २०२५ पासून यूट्यूबवर स्वतः थेट प्रक्षेपण करण्यास वयाचीं १६ वर्षें पूर्ण असावीं लागतात. त्याहून लहान मुलांच्या मुलाखतीच्या वेळीं शिक्षकांनीं किंवा पालकांनीं पडद्यावर दिसेल अशा रीतीनें सोबत बसावें, आणि खातेंहि वडील माणसाचेंच असावें.

इंटरनेटचा हिशेब मुलांनीं वहींत मांडून पाहावा. १२८० × ७२० ठिपक्यांच्या चित्रासाठीं दर सेकंदास ४ मेगाबिट धरले, तर एका तासास १४,४०० मेगाबिट, म्हणजे १.८ गिगाबाइट होतात. संभाषणाचा व्यय याहून निराळा. इंटरनेट मंद असल्यास चित्र लहान करावें; मुलाखतीस तेवढ्यानें बाध येत नाहीं.

तिसरा दुवा ग्रहणाचा. स्मार्ट टीव्हीवर यूट्यूब असतेंच. तेथें कांहींच विकत घ्यावें लागत नाहीं. साध्या टीव्हीस एचडीएमआयचें छिद्र असेल, तर फायर टीव्ही स्टिकसारखी कांडी पुरते. गूगलच्या क्रोमकास्टचें उत्पादन २०२४ मध्यें थांबलें, तरी कोणाकडे जुनें असल्यास तें उपयोगी पडतें. तांबड्या, पांढऱ्या व पिवळ्या छिद्रांचा जुना टीव्ही असेल, तर मध्यें एक लहानसें परिवर्तक यंत्र बसवावें लागतें. मुलाखत केवळ आप्तेष्टांसाठीं असेल, तर प्रक्षेपण 'अनलिस्टेड' ठेवावें. मग ज्यांना दुवा पाठविला असेल, तेच तें सहसा पाहूं शकतात. हा लांबलचक दुवा टीव्हीवर टंकीत बसण्याचें कारण नाहीं. मोबाइलमधील यूट्यूबवर तो उघडून 'कास्ट' चें चिन्ह दाबलें कीं काम झालें.

घरीं पोंचणारें चित्र कांहीं सेकंद मागाहून येतें, हें प्रेक्षकांना आधींच सांगावें. मुलाखतीच्या खोलींत मात्र हा टीव्ही चालू असल्यास त्याचा आवाज पूर्ण बंद ठेवावा, नाहींतर त्याचेच प्रतिध्वनी घुमूं लागतात.

इतकें करून पदरीं थोडे पैसे उरलेच, तर ते आवाजावर खर्चावे. चित्र क्षणभर अडखळलें तरी श्रोता बसून राहतो; शब्द तुटला म्हणजे मुलाखतच संपली. पंखा बंद करावा, खिडकी लावावी, आणि एक साधा तारेचा मायक्रोफोन मुखाजवळ ठेवावा. आदल्या दिवशीं एकदां संपूर्ण तालीम घ्यावी.

शेवटीं सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जिला एक पैहि लागत नाहीं, ती म्हणजे अनुमति. त्या परिचारिकाबाईंस आपण चार मुलांशींच बोलत आहोंत असें वाटावें, व प्रत्यक्षांत साऱ्या गांवानें ऐकावें, हें उचित नव्हे. शिवाय १२ तासांहून कमी काळाचें प्रक्षेपण यूट्यूबवर आपोआप जतन होतें. म्हणून आपलें बोलणें कोण ऐकणार व तें पुढें राहणार कीं पुसलें जाणार, हें त्यांना आरंभींच सांगावें, आणि एखादें वाक्य काढून टाका असें त्या म्हणाल्या, तर तें काढावें.

येत्या सुटींत प्रत्येक वर्गानें अशी एक तरी मुलाखत घेऊन पाहावी. ज्यांच्याजवळ सांगण्यासारखें पुष्कळ आहे, पण ज्यांस शाळेपर्यंत येणें शक्य नाहीं, अशीं माणसें प्रत्येक गांवांत आहेत; आणि त्यांस ऐकण्यास उत्सुक असलेले वृद्ध शेजारीहि घरोघरीं टीव्हीसमोर बसलेलेच आहेत.